आनंद हरपल्याचे मोजमाप नव्या लोकसमूहात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी तयार प्रश्नावली मूळ गटापेक्षा वेगळ्या लोकांवर वापरायची असेल, मग फरक भाषेचा असो, वयाचा असो की आजाराचा, तर ती तिथे चालते का हे आधी तपासावे लागते. मानसशास्त्र आणि मनोविकारशास्त्रात संशोधन सुरू करणारे विद्यार्थी, समुपदेशक आणि डॉक्टर या तपासणीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरे. वाचकाला संख्याशास्त्राची तोंडओळख आहे असे धरले आहे.

आनंद हरपणे म्हणजे दुःखी असणेच ना?

नाही. दुःखी माणसाला निदान दुःख तरी जाणवत असते. ज्याचा आनंद हरपला आहे, त्याला पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून काहीच मिळेनासे होते, आणि अनेकदा रडूही येत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी १८९६ मध्ये या अवस्थेला ‘अ‍ॅनहेडोनिया’ हे नाव दिले. १९८० च्या डीएसएम-३ पासून (डीएसएम म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेची निदान-पुस्तिका) ‘रस किंवा आनंद न वाटणे’ हे नैराश्याच्या निदानातले गाभ्याचे लक्षण मानले जाते. डीएसएम-५ नुसार खिन्न मनःस्थिती आणि हे लक्षण, या दोहोंपैकी किमान एक दोन आठवडे टिकून असल्याशिवाय मेजर डिप्रेशनचे निदान होत नाही. स्किझोफ्रेनिया, पार्किन्सन, व्यसनाधीनता आणि दीर्घकाळच्या वेदना यांतही ते आढळते.

शिवाय हे लक्षण एकजिनसी नाही. पुढे घडणाऱ्या गोष्टीची ओढ वाटणे, ती घडत असताना सुख मिळणे आणि तिच्यासाठी कष्ट घ्यायची तयारी असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या बिघडू शकतात. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांना सुखद गोष्ट प्रत्यक्ष समोर ठेवून विचारले, तर ते इतरांइतकेच सुख सांगतात; पण ‘पुढे आवडेल का’ असे विचारले की उत्तर थंड येते. तुमची मापनी यातले नेमके काय विचारते, हे कागदावर लिहून काढल्याशिवाय पुढचे कोणतेही पाऊल उचलू नका.

मापनी आधीच सप्रमाण ठरलेली आहे. मग पुन्हा तपासायची कशाला?

कारण सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे, कागदाला चिकटलेली नसते. मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल मेसिक यांनी हा विचार ठामपणे मांडला आणि २०१४ च्या अमेरिकन चाचणी-मानकांनीही तोच धरला आहे: सप्रमाण असतो तो गुणांवरून काढलेला अर्थ, विशिष्ट लोकांसाठी आणि विशिष्ट वापरासाठी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये जास्त गुण म्हणजे आनंद हरपणे, हे सिद्ध झाले असेल. तेच गुण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे आले तर त्यांचा अर्थ तोच आहे, हे कोणी दाखवलेले नसते.

आनंदाच्या बाबतीत हा धोका इतर लक्षणांपेक्षा मोठा आहे. झोप लागत नाही हे कोणालाही साधारण सारख्याच शब्दांत विचारता येते. आनंद मात्र कशातून मिळतो हे परिस्थितीवर, वयावर, शरीराच्या कुवतीवर आणि कशाला मोकळीक आहे यावर ठरते. ‘नाही’ या उत्तरामागे चार निरनिराळी कारणे असू शकतात: सुखच वाटत नाही, ती गोष्ट आयुष्यात येतच नाही, शरीर साथ देत नाही, किंवा असे सुख कबूल करणे बरे दिसत नाही. यातले पहिलेच कारण आपल्याला मोजायचे आहे. नव्या गटातली सगळी तपासणी या चौघांना वेगळे करण्यासाठी असते, असे मी मानतो.

कोणती मापनी निवडावी?

१९९५ ची स्नेथ-हॅमिल्टन प्लेझर स्केल सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यात १४ विधाने आहेत आणि ती गेल्या काही दिवसांबद्दल विचारते. वय, लिंग आणि राष्ट्रीयत्व यांचा परिणाम कमी राहावा असा प्रयत्न ती तयार करतानाच झाला होता. पण हेतू हा पुरावा नसतो, म्हणून तिलाही या तपासणीतून सूट नाही. ती मुख्यतः प्रत्यक्ष मिळणाऱ्या सुखाबद्दल विचारते, ओढीबद्दल फारसे नाही.

ओढ आणि प्रत्यक्ष सुख वेगळे करायचे असेल, तर २००६ ची टेम्पोरल एक्सपिरियन्स ऑफ प्लेझर स्केल आहे. तिच्या १८ विधानांपैकी १० ओढीबद्दल आणि ८ प्रत्यक्ष सुखाबद्दल आहेत. २०१५ ची डायमेन्शनल अ‍ॅनहेडोनिया रेटिंग स्केल १७ प्रश्नांची असून छंद, खाणेपिणे, माणसांत मिसळणे आणि इंद्रियसुख अशा चार क्षेत्रांत विचारते. चॅपमन दांपत्य आणि रॉलिन यांच्या १९७६ च्या मापन्या ‘बरोबर-चूक’ पद्धतीच्या आहेत आणि स्वभावातच रुजलेली, आयुष्यभराची वृत्ती पाहतात. उपचाराने महिनाभरात काय बदलले हे पाहायला त्या उपयोगाच्या नाहीत.

नवा लोकसमूह जितका वेगळा, तितकी डायमेन्शनल मापनी मला जास्त जवळची वाटते. तिच्यात प्रत्येक क्षेत्रात उत्तर देणारा स्वतःच्या आवडीची उदाहरणे आधी लिहितो आणि मग त्यांच्याबद्दलच प्रश्नांची उत्तरे देतो. त्यामुळे दुसऱ्याच्या आयुष्यातली सुखे त्याच्यावर लादली जात नाहीत. तोटा असा, की लिहिण्याचा कंटाळा हादेखील आजाराचाच भाग असू शकतो. उदाहरणांचा रकाना कोरा राहिला तर तो का राहिला, हे विचारणारे कोणी तरी समोर हवे.

परवानगी लागते का?

बहुतेक वेळा लागते. मूळ लेखकांना किंवा हक्कधारकांना लेखी विचारा, भाषांतराचे हक्क कोणाकडे राहतील हेही त्याच पत्रात मिटवा. त्याच भाषेत आधीचे भाषांतर असेल तर कळते, आणि कष्ट वाचतात.

भाषांतर करून उलट भाषांतर जुळले की झाले ना?

रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराची, म्हणजे भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडण्याची, पद्धत रूढ केली आणि ती आजही कामाची आहे. डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दिलेली पायऱ्यांची रीत बहुतेक जण पाळतात: दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, दोन उलट भाषांतरे, तज्ज्ञांची बैठक आणि मग ३० ते ४० जणांवर चाचपणी.

पण उलट भाषांतर शब्दाला शब्द जुळतो का एवढेच दाखवते. अडखळणारे, पुस्तकी भाषांतर उलट फिरवले की हमखास मूळ वाक्य जसेच्या तसे मिळते, आणि सहज बोलीतले चांगले भाषांतर जुळत नाही. म्हणून न जुळणे हे दोषाचे चिन्ह समजून लगेच दुरुस्तीला लागू नका. तज्ज्ञांच्या बैठकीत त्या लोकसमूहातला, मानसशास्त्र न शिकलेला, किमान एक माणूस बसवा आणि त्याच्या मताला डॉक्टरांइतकेच वजन द्या.

एखादे विधान आमच्या गटाला लागूच होत नसेल तर बदलावे का?

हा या सगळ्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. स्नेथ-हॅमिल्टन मापनीत सुगंधाबद्दल, निसर्गदृश्याबद्दल, वाचनाबद्दल, अंघोळीच्या सुखाबद्दल आणि जवळच्या माणसांच्या सहवासाबद्दल विधाने आहेत. पार्किन्सनमध्ये वास येण्याची क्षमता बहुतेकांची कमी झालेली असते. सुगंधाच्या विधानाला अशा माणसाने ‘असहमत’ म्हटले तर मापनी त्याच्या नाकाचे मोजमाप मनाच्या खात्यावर लिहिते. वाचता न येणाऱ्याला वाचनाबद्दल विचारले तर तेच. एकट्या राहणाऱ्या, सगळी जवळची माणसे गमावलेल्या वृद्धेला सहवासाबद्दल विचारणे तर निर्दयपणाचे ठरू शकते.

मूळ विधाने ‘मला आनंद वाटेल’ अशा, म्हणजे ‘ही गोष्ट मिळाली तर’ या अंगाने रचलेली आहेत. संधी नसली तरी उत्तर देता यावे म्हणूनच ती रचना आहे, आणि भाषांतरात ती हरवू देऊ नये. ‘मला आनंद वाटतो’ असे साधे वर्तमानकाळी रूप केले की संधीचा अभाव थेट गुणांत मिसळतो. अनेकांना मात्र कल्पना करून उत्तर देणे जड जाते. विशेषतः गंभीर नैराश्यात ‘मिळाले तर आवडेल’ ही कल्पनाच थकवते. तेव्हा सूचनांमध्ये उदाहरण देऊन पाहा आणि लोकांना ते कळले का, हे विचारा.

बदल करावा लागलाच तर विधानाचे काम जपा, वस्तू बदला. वाचनाचे काम ‘एकट्याने, शांतपणे रमण्याचे सुख’ असे असेल, तर तेच काम करणारी दुसरी गोष्ट शोधा. बदललेल्या विधानाचे गुण मूळ मापनीच्या गुणांशी थेट ताडता येत नाहीत, हे अहवालात स्पष्ट लिहा. माझा कल असा, की मूळ विधान ठेवावे, त्याच्याशेजारी पर्यायी विधान जोडावे आणि दोन्हींची माहिती घ्यावी. कोणते टिकते ते आकडे आणि माणसे मिळून सांगतील. ‘लागू नाही’ हा पर्याय देणे सोपे वाटते, पण मग बेरीज कशी करायची हा नवा प्रश्न उभा राहतो, आणि काही जण दमले की तोच पर्याय निवडत जातात.

लोकांच्या मुलाखती कशासाठी? आकडेवारी पुरेशी नाही का?

पुरेशी नाही. सगळे जण एखादे विधान सारख्याच चुकीच्या पद्धतीने समजले, तर आकडे अगदी सुबक येतात. म्हणून मोठी पाहणी सुरू करण्यापूर्वी कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू करा. माणसाला विधान वाचू द्या किंवा वाचून दाखवा, उत्तर घ्या आणि मग विचारा: हे तुमच्या शब्दांत सांगाल का? उत्तर देताना कोणती गोष्ट डोळ्यासमोर आली? कोणता काळ धरला? ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांत तुम्हाला काय फरक वाटला?

शेवटचे दोन प्रश्न हमखास काही तरी बाहेर काढतात. ‘गेले काही दिवस’ म्हणजे कोणी दोन दिवस धरतो, कोणी आजारपणाची सगळी वर्षे. काही जण पर्यायांतला फरक तीव्रतेचा न मानता खात्रीचा मानतात. कोणी उत्तर देताना स्वतःबद्दल न बोलता ‘माणसाला असे वाटायला हवे’ हे सांगत असतो. दुसऱ्यांना मदत करण्याचे किंवा कौतुक झाल्याचे सुख विचारले की हे विशेष होते, कारण एकाला ‘नाही’ म्हणणे स्वार्थीपणाचे दिसते आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणणे गर्वाचे.

किती जण घ्यावेत? नवीन काही कळेनासे होईपर्यंत. दहा-पंधरा जणांच्या फेऱ्या करा, प्रत्येक फेरीनंतर शब्द सुधारा आणि सुधारलेले पुन्हा तपासा. आजारी आणि निरोगी, तरुण आणि वृद्ध, कमी आणि जास्त शिकलेले, असे सगळे त्यांत हवेत. एकाच विभागातले ओळखीचे विद्यार्थी घेऊन ही पायरी उरकणे म्हणजे ती न करणेच.

पाहणीत किती लोक हवेत?

कॉस्मिन या आरोग्य-मापनांच्या निकषांत घटक विश्लेषणासाठी (कोणती विधाने एकत्र येऊन एक घटक बनतात हे पाहण्यासाठी) विधानांच्या सातपट आणि किमान १०० लोक असतील तर संख्या उत्तम मानली जाते. १४ विधानांना ती १०० च्या आसपास येते. व्यवहारात मी ती अगदी तळाची समजतो. उत्तरे चार पर्यायांतली असतात, आणि निरोगी लोकांत बहुतेक जण सुखाच्या बाजूचे पर्याय निवडतात. त्यामुळे टोकाच्या पर्यायांत मोजकीच माणसे उरतात आणि गणिते डळमळतात. दोन गटांची तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात दोनशेच्या वर माणसे असावीत.

संख्येहून रचना महत्त्वाची. केवळ निरोगी लोकांचा नमुना घेतला तर गुण एका टोकाला साचतात. १५ टक्क्यांहून अधिक लोक अगदी शेवटच्या गुणावर असतील तर तिथे मापनी माणसामाणसांतला फरक दाखवत नाही. म्हणून उपचार घेणारे लोक नमुन्यात असायलाच हवेत.

घटक रचना मूळ अभ्यासासारखी आली नाही. आमचे चुकले का?

कदाचित नाही. टेम्पोरल मापनीचे चांगले उदाहरण आहे. मूळ अभ्यासात दोन घटक होते. २०१२ मध्ये रेमंड चॅन आणि सहकाऱ्यांच्या चिनी अभ्यासात चार निघाले, कारण ओढ आणि प्रत्यक्ष सुख हे दोन्ही पुन्हा अमूर्त आणि प्रसंगनिष्ठ अशा दोन भागांत विभागले गेले. हा निष्कर्ष सुखाच्या घडणीबद्दलच काही सांगतो, आणि तो मूळ साच्यात कोंबला असता तर हरवला असता.

तरीही आधी साध्या चुका तपासा. चार पर्यायांच्या उत्तरांना अखंड संख्या मानले का? तसे असेल तर पॉलिकोरिक (क्रमवार उत्तरांसाठीचा) सहसंबंध आणि क्रमवार माहितीसाठीची पद्धत वापरून पुन्हा करा. किती घटक ठेवायचे हे ‘एकाहून मोठे आयगेन मूल्य’ या नियमाने ठरवले का? हॉर्न यांचे १९६५ चे समांतर विश्लेषण त्यापेक्षा विश्वासाचे आहे. उलट अर्थाची विधाने एकत्र येऊन खोटा घटक बनला का? खाण्याबद्दलची दोन विधाने केवळ विषय एक म्हणून जवळ आली का? हे सगळे निस्तरल्यावरही रचना वेगळीच राहिली, तर ती मानावी.

हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या लेखातले सीएफआय ०.९५ आणि आरएमएसईए ०.०६ हे, प्रारूप माहितीशी किती जुळते ते ठरवणारे, आकडे सगळेच वापरतात. ते अखंड माहितीच्या प्रारूपांवरून निघालेले आहेत, म्हणून क्रमवार उत्तरांवर ते कायद्यासारखे लादू नयेत.

क्रॉनबाख अल्फा ०.९३ आला. आता मापनी विश्वसनीय आहे ना?

अल्फा, म्हणजे क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला गुणांक, विधाने एकमेकांशी किती सहमत आहेत एवढेच सांगतो. एकच गोष्ट १४ प्रकारे विचारली तरी तो उंच जातो. तो एकघटकीपणाचाही पुरावा नाही. ओमेगा हा दुसरा विश्वसनीयता-गुणांक सोबत द्या, आणि अल्फा ०.९५ च्या वर गेला तर आनंदाऐवजी पुनरावृत्तीचा संशय घ्या.

काळाच्या ओघातली स्थिरता वेगळी तपासावी लागते. स्नेथ-हॅमिल्टन मापनी सध्याची अवस्था पाहते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा घेतली आणि गुण बदलले तर दोष मापनीचा की माणूस बरा झाला, हे कळत नाही. एक-दोन आठवड्यांचे अंतर ठेवा, औषध नुकतेच सुरू झालेल्यांना वगळा, मधल्या काळात काही बदलले का हे विचारा आणि इन्ट्राक्लास सहसंबंध (दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते) काढा. किमान ५० जण तरी परत यायला हवेत.

कोणत्या इतर मापन्यांशी ताडावी?

कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये सांगितलेले सूत्र लक्षात ठेवा: जिच्याशी जुळायला हवे तिच्याशी जुळावी, आणि जिच्याशी जुळू नये तिच्याशी फार जुळू नये. दुसरा अर्धा भाग बहुतेक प्रबंधांत दुबळा असतो. नैराश्याच्या एकूण गुणांशी भरपूर सहसंबंध आला म्हणून आनंदित होण्यात अर्थ नाही. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न रस आणि आनंदाबद्दल आहे, बेकच्या नैराश्य-मापनीतही तसे विधान आहे. म्हणजे तुम्ही काही अंशी मापनी तिच्याच तुकड्याशी ताडत आहात. ते प्रश्न काढून पुन्हा गणित करा.

उदासीनता, थकवा, चिंता आणि नैराश्यविरोधी औषधांनी येणारा भावनांचा बोथटपणा यांच्यापासून आपली मापनी वेगळी दिसते का, हे पाहणे जास्त मोलाचे आहे. कोणते सहसंबंध किती यावेत हे माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा. कष्टाच्या बदल्यात बक्षीस निवडायला लावणाऱ्या वर्तन-चाचण्याही आहेत, पण माणूस जे सांगतो आणि चाचणीत जे करतो त्यांत संबंध बहुधा कमकुवत असतो. तो कमी आला म्हणून प्रश्नावली टाकून देऊ नका. दोन्ही निरनिराळे काही टिपतात.

दोन लोकसमूहांच्या सरासरी गुणांची तुलना करता येईल का?

मोजमापाची समानता दाखवल्यावरच. आधी रचना समान, मग घटकभार (विधान घटकाशी किती बांधलेले आहे) समान, मग विधानांचे आरंभबिंदू (घटकाची पातळी सारखी असताना विधानाला मिळणारे गुण) समान, अशा तीन पायऱ्या असतात. तिसरी पायरी गाठल्याशिवाय ‘या गटात आनंद हरपण्याचे प्रमाण जास्त’ असे लिहू नये. चेउंग आणि रेन्सव्होल्ड यांनी २००२ मध्ये सुचवल्याप्रमाणे सीएफआय ०.०१ हून जास्त घसरला तर थांबा आणि कोणते विधान अडते ते शोधा. बहुधा ते मुलाखतींत अडखळलेलेच विधान निघते.

मूळ कट-ऑफ (लक्षण आहे असे मानण्याची गुणांची सीमा) तसाच वापरावा का?

नाही. मूळ स्नेथ-हॅमिल्टन गुणांकनात कोणत्याही ‘असहमत’ला १ आणि ‘सहमत’ला ० मिळतो, बेरीज ० ते १४, आणि ३ किंवा अधिक गुण असामान्य मानले जातात. २००७ मध्ये फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी १ ते ४ असे गुणांकन वापरले, ज्यात बेरीज १४ ते ५६ येते. एका पद्धतीचा कट-ऑफ दुसरीत घुसडण्याची चूक घडते. दिशाही पाहा: टेम्पोरल आणि डायमेन्शनल मापन्यांत जास्त गुण म्हणजे जास्त आनंद.

नवा कट-ऑफ ठरवताना प्रशिक्षित चिकित्सकाची मुलाखत हा आधार घ्या, आणि ती घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण माहीत नसावेत. लोकसमूहात लक्षण किती पसरले आहे त्यावर कट-ऑफचा उपयोग कसा बदलतो ते पाहा. समजा संवेदनशीलता (लक्षण असलेल्यांना बरोबर ओळखणे) आणि विशिष्टता (नसलेल्यांना बरोबर वगळणे) दोन्ही ८० टक्के आहेत. रुग्णालयातल्या १००० जणांपैकी निम्म्यांना लक्षण असेल, तर ५०० जण ‘होकारार्थी’ येतील आणि त्यांतले ४०० खरे असतील. सामान्य वस्तीत १०० जणांनाच लक्षण असेल, तर २६० होकारार्थी येतील आणि खरे फक्त ८०. तीच मापनी आणि तोच आकडा, पण दुसऱ्या ठिकाणी दर तिघांतले दोघे विनाकारण आजारी ठरले.

वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवले तर चालेल?

चालेल, पण ती वेगळी पद्धत समजून स्वतंत्र तपासा. समोर माणूस असला की लोक जास्त आनंदी उत्तरे देतात. वाचणाऱ्यांना एकसारखे प्रशिक्षण द्या, घरचे लोक शेजारी बसू देऊ नका. पर्याय चार असतील तर आधी ‘आवडेल की नाही’ आणि मग ‘थोडे की खूप’ असे दोन टप्प्यांत विचारणे सोपे पडते.

अभ्यासात कोणी आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर?

हे घडू शकते असे धरूनच सुरुवात करा. आनंद हरपणे आणि आत्महत्येचा धोका यांचा संबंध संशोधनात वारंवार दिसला आहे. कोणाला कळवायचे, त्याच दिवशी कोण भेटणार, सहभागी माणसाला गोपनीयतेची मर्यादा कशी सांगायची, हे नीतिमत्ता समितीच्या अर्जातच लिहा. प्रश्नावल्या महिन्याच्या शेवटी एकदम उघडायच्या ही पद्धत इथे चालणार नाही. भरलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी कोणी तरी वाचलाच पाहिजे, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही बोलायला माणूस हवा.

मापनी आमच्या गटात चाललीच नाही. हे छापण्यासारखे आहे का?

नक्कीच. कोणती विधाने अडली, मुलाखतींत लोक काय म्हणाले आणि कोणत्या पायरीवर समानता तुटली हे तपशिलाने द्या. विधानवार सरासऱ्या, भार आणि गळालेल्या उत्तरांची संख्या जोडा, म्हणजे पुढच्या गटाला तीच विधाने तपासण्यात वर्ष घालवावे लागणार नाही.